साठीचं बेणं

माझ्या दोन्ही किडन्या गेल्या तेव्हा मी बत्तीस वर्षांचा होतो. नव्वदचं दशक निम्मं सरलं होतं. आईची किडनी मला जुळली. पुण्याच्या डॉक्टरांनी ही चांगली बातमी देता देता तिला एक शेपूट जोडलं. वयाबरोबर किडनीतल्या पेशीही म्हाताऱ्या होतात, म्हणून उतारवयातली किडनी नव्या अंगात कामाला लागायला वेळ घेते, कधी लवकर दमते. तपासण्या चांगल्या आल्या तरच पुढं जायचं.

जळोचीच्या आमच्या घरात हे सगळ्यांना एका दमात समजलं. ऊस लावणारी माणसं आम्ही. लागणीला बेणं, म्हणजे डोळे असलेली उसाची कांडी, कोवळंच घ्यायचं हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. माझे चुलते, तात्या, चहा बशीत ओतत म्हणाले, "वहिनी, जून बेण्याचा डोळा फुटत न्हाय."

आईनं तात्यांशी बोलणं टाकलं. काळ्या मेंदीची पुडी आणून केस रंगवले, सोबत दोन्ही कानही. दवाखान्यात लिफ्ट सोडून जिन्यानं चढली आणि डॉक्टरांपुढं धाप दाबून उभी राहिली.

"वय?"

"चाळीस."

"आणि मुलगा बत्तीसचा?"

"आमच्यात लवकर लग्नं व्हायची."

डॉक्टरांनी वयाचा रकाना कोरा ठेवून तपासण्या लिहून दिल्या. तपासण्या मात्र उत्तम आल्या.

ऑपरेशन झालं आणि किडनी रुसून बसली. लघवीची पिशवी कोरडी ठणठणीत. मी फार घाबरलो होतो. तात्या सारखे येऊन पिशवीपाशी वाकायचे आणि पलीकडच्या खोलीत आईला सांगायचे, "अजून न्हाय." तिसऱ्या दिवशी पिशवीत थेंब आले, मग धार लागली. "वहिनी, उगावलं!" असं ओरडत तात्या व्हरांड्यातून पळाले. नर्सनं त्यांना दवाखान्याबाहेर काढलं.

आईला चाकाच्या खुर्चीतून माझ्याकडं आणलं. मला वाटलं, आता तात्यांचा उद्धार होणार. पण ती डॉक्टरांकडं बघून रडायलाच लागली.

"डाक्टर, मी खोटं बोलले. साठ झाली मला. लेकराला किती दिस पुरंल माझी किडनी?"

"तुमचे कान बघूनच कळलं होतं," डॉक्टर म्हणाले. "जपाल तेवढी पुरेल."

आईनं पदरानं डोळे पुसले आणि पाण्याचा पेला माझ्या हातात दिला.

"पी. माझ्याकडं न्हाय बघितलंस तरी चालंल, पर पोटातली ती म्हातारी सांभाळ."

मी पेला रिकामा करेपर्यंत ती हलली नाही.