ओसरीवरून ऐकलेला बिघाड

देवमन खंडारे कोणाच्या घरी जाऊन मशीन दुरुस्त करत नसे. साहेबाचा शिपाई येवो की जिनिंगवाल्याची मोटर, त्याचं उत्तर ठरलेलं, "घिऊन या दुकानात. मी नाई येत." अमरावतीत त्याच्यासारखा कान दुसऱ्या कोणाला नव्हता, म्हणून लोक चडफडत का होईना, रिक्षात घालून रेडिओग्राम आणत. माजला आहे, म्हणत. अहो, माजला कसला! त्याचं काय झालं ते आधी ऐका, मग म्हणा काय म्हणायचं ते.

१९६८ साल. देवमन तेव्हा अमरावतीतच पंजाबरावाच्या रेडिओच्या दुकानात उमेदवारीवर होता. अकोल्याकडच्या बोरगावचा, बौद्ध शेतमजुराचा मुलगा. टपालानं येणाऱ्या धड्यांवर रेडिओ शिकलेला. लग्न होऊन दीड वर्ष झालं होतं, पण बायको जमुना बोरगावात आणि हा दुकानाच्या माळ्यावर. पक्की नोकरी लागली की खोली घ्यायची आणि तिला आणायचं, एवढंच त्याच्या डोक्यात. पंजाबराव मात्र आज करतो, उद्या करतो म्हणून त्याला झुलवत होता. शेवटी एका सकाळी त्यानं छापील चिठ्ठी पुढे केली.

"धामणगावच्या किसनरावनं आपल्याकडून नवा स्टिरिओ नेला, दोन पेट्यांचा. चार दिवस नाई झाले, तं बोंबलून राहिला तो. जाय, दुरुस्त कर, आन् या चिठ्ठीवर त्याची सही आन. सही आनली तं तू पक्का. नाई तं इकडे फिरकू नको."

देवमन पॅसेंजरनं धामणगावला उतरला. हत्यारांची पिशवी खांद्याला, चिठ्ठी वरच्या खिशात. किसनरावांच्या ओसरीवर पाय ठेवतो न ठेवतो तोच त्यांची म्हातारी आई, दुर्गाबाई, दारात आडवी उभी राहिली.

"कोन्ता रे तू?"

"रेडिओच्या दुकानातून आलो, माय. खंडारे."

"खंडारे म्हंजे?"

"बौद्ध."

"म्हंजे तेच ना," म्हातारी म्हणाली. "बस तठीच. आत देव हायेत."

मागून किसनराव आले. इस्त्रीचा सदरा, हातात पानाचा डबा. "आमच्या मनात काई नाई हो खंडारे. मी या गोष्टी मानत नाई. पन आईचं वय झालं. तू बाहेरूनच सांग, आमी करतो." न मानणारा हा माणूस एवढं बोलला, पण दारातून तसूभर बाजूला झाला नाही.

मशीन माजघरात देवघराला लागून, देवमन ओसरीवर, मध्ये भिंत आणि दाराला पडदा. रोगी आत आणि वैद्य अंगणात! दुसरा कोणी असता तर पिशवी उचलून चालता झाला असता. देवमनला जमुना दिसत होती. तो खाली बसला, डोळे मिटले आणि म्हणाला, "लावा रेकॉर्ड."

एकच पेटी गात होती. दुसरी मुकी, नुसती घुंऽऽ करत होती.

"बंद करा, मालक. दोन्ही पेट्यांच्या वायरी मशीनच्या मागं खोचल्या हायेत. त्यायची अदलाबदल करा."

किसनरावांची बोटं जाड, वाकायला पोट आड येई. दोन मिनिटांत घाम फुटला, तोंडातून शिव्या निघाल्या आणि शेवटी हाक गेली, "सूनबाई!"

सून म्हणजे शालू. वर्ष झालं होतं तिला या घरात येऊन. त्या वर्षात तिची भाकर जाड, तिचं दूध उतू गेलेलं, तिचं चालणं धीट. "हात हाय का खुरपं?" हे म्हातारीचं रोजचं. देवमनला तिचा चेहरा दिसला नाही. पडद्यामागे बांगड्या वाजल्या, तेवढंच.

"बदलल्या का, बाई? आता लावा. जे पेटी मुकी होती तेच मुकी हाय, का दुसरी?"

"दुसरी मुकी झाली."

"मंग पेट्या चांगल्या हायेत. नुसतं घुंऽऽ येते, म्हंजे दोष सुईच्या दांडीत हाय. पहिले भिंतीतला पिन काढा. काढला? पक्का काढला ना? आता दांडीच्या तोंडाखाली पाहा. केसासारख्या चार तारा दिसतीन."

आत बांगड्या पुन्हा वाजल्या. मग, "तीनच लागल्या हायेत. निळी लोंबून राहिली."

"तेच! केसातला आकडा काढा आन् हळूच सारा तिले तिच्या खिळीवर. जोर नको, लेकराच्या डोळ्यातला कचरा काढतो ना, तसं."

पिन लागला, रेकॉर्ड फिरली आणि दोन्ही पेट्या गाऊ लागल्या. किसनरावांनी मांडीवर थाप मारली. देवमन मात्र मान हलवत होता.

"थांबा. डग्गा कुठी हाय?"

"कायचा डग्गा?"

"तबला वाजून राहिला, डग्गा वाजत नाई. दोन पेट्या एकमेकीच्या उलट वाजून राहिल्या. कोनीतरी एका पेटीच्या मागच्या दोन वायरी उलट्या लावल्या. एकीच्याच बदला, बाई. दुसरीच्या नको."

त्या वायरी किसनरावांनी स्वतः लावल्या होत्या, त्यामुळे ते पानाच्या डब्यात चुना शोधू लागले. शालूनं वायरी बदलल्या आणि असा घुमला म्हणता डग्गा, की फळीवरच्या पितळी गडव्यांना कंप सुटला! "बाप्पा!" म्हातारीच्या तोंडून निघालं. "पोरीचा हात हुशार हाय बरं."

"शाबास, सूनबाई!" किसनराव ओरडले. "मुंबईचा इंजिनेर झक मारते तुह्यापुढे!"

देवमन ओसरीवर एकटाच हसत होता. मनातल्या मनात त्यानं खोली घेतली होती, जमुनेची कपड्यांची ट्रंकही आणून ठेवली होती. किसनराव बाहेर येताच त्यानं चिठ्ठी पुढे केली.

"कायची सही?"

"दुरुस्तीची, मालक."

"कोनं केली दुरुस्ती?" किसनरावांनी पान जुळवत विचारलं. "तू तं मशीनले हातबी लावला नाई."

"तुमीच लावू देला नाई ना!"

"आवाज खाली."

"मी सांगतलं तसं बाईनं केलं, मालक. त्यायलेच इचारा."

किसनरावांना आता मजा वाटू लागली. मांजर उंदराला लगेच थोडंच मारतं! त्यांनी पडद्याकडे तोंड केलं. "काहो सूनबाई, यानं सांगतलं म्हनून झालं, का तुले समजलं?"

देवमनला खात्री होती. निळी तार लोंबून राहिली असं स्वच्छ सांगणारा तो आवाज खोटं कशाला बोलेल? त्यानं पेन उघडून तयार ठेवलं.

पडदा हलला नाही. आतून हलकेच शब्द आले, "मले समजलं, मामाजी."

अगं, तुझं काय गेलं असतं गं! पण तिला तरी मी कोणत्या तोंडानं विचारू? वर्षभरात त्या घरानं तिला एकच शाबासकी दिली होती, आणि ती वाटून घ्यायची तिची तयारी नव्हती. तिचा राग येतो, येतोच. पण त्या म्हातारीच्या हाताखाली वर्ष काढून पाहा म्हणजे कळेल.

किसनरावांनी देवमनच्याच पेनानं चिठ्ठीच्या पाठीवर लिहिलं: मेकॅनिक आला. मशीनला हात लावला नाही. बिघाड आमच्या सूनबाईंनी काढला. खाली लांबलचक वळणदार सही केली. "घे. सही पायजे होती ना?"

पंजाबरावानं दुसऱ्या दिवशी ती चिठ्ठी गिऱ्हाइकांपुढे मोठ्यानं वाचली. "मंग त्या सूनबाईलेच ठेवतो ना नोकरीवर!" म्हणाला, आणि दुकान हसलं. हत्यारांची पिशवी दुकानाची होती, ती ठेवून घेतली. जमुना आणखी तीन वर्षं बोरगावात राहिली.

पण ते हसणं देवमनच्या मनाला तितकं लागलं नाही. लागलं ते आदल्या दिवशी फाटकातून मागे वळून पाहिलेलं. आत दोन्ही पेट्या सुरेल गात होत्या, डग्गा अगदी त्यानं सांगितला तसा घुमत होता. आणि ओसरीवर शालू आली होती. डोईवर पदर, हातात पाण्याचा तांब्या. तिनं वर पाहिलं नाही. तो जिथे बसला होता तेवढ्या जागेवर तिनं पाणी शिंपडलं आणि आत गेली.