खिडकीतला कप

नागपूरच्या एका हॉस्पिटलात पॅथॉलॉजीच्या खोलीत माझी सगळी नोकरी झाली. तिथे काचपट्ट्या साचायच्या तसे किस्सेही साचले. नातवंडं म्हणतात, हसण्यासारखे सांगा. तसेही आहेत.

* * *

सत्तर सालच्या आसपास नोकरीला लागलो. बाकीच्यांचे कप टेबलावर, माझा खिडकीत! आम्ही छप्पन साली बौद्ध झालो होतो. खिडकी तीच राहिली. महादेव रामटेककडचा, माझ्यासारखाच अटेंडंट. त्याने पहिल्याच दिवशी माझा कप उचलून अर्धा चहा पिऊन टाकला.

"काही वेगळा नाही लागत गा! साखर तेवढी कमी हाय."

दुसऱ्या दिवसापासून माझा कप टेबलावर.

* * *

आमच्या डॉक्टर मॅडम लिव्हरच्या कॅन्सरवर काम करायच्या. पांढरे उंदीर पाळले होते. त्यातला एक सुटला आणि थेट हेडक्लार्कच्या टेबलाखाली! साहेब खुर्चीवर चढले.

"याले खरंच कॅन्सर हाय?"

"हाय," महादेव म्हणाला.

"मग एवढा पळून काहून राहिला?"

"तुमाले पाहून, साहेब!"

* * *

मॅडमनी एकदा मला मायक्रोस्कोपमध्ये बघायला लावलं. "दिसलं?"

"दिसलं." दिसल्या माझ्याच पापण्या! चौथी पास माणूस नाही कसं म्हणणार?

महादेवने सरळ विचारलं, "हे पेशी लिव्हर सोडून जाते कशी, मॅडम?"

"पेशी एकमेकींना धरून असतात. त्यांना आवरणारं एखादं प्रथिन असावं, तेच शोधतेय. ते कमी पडलं की पेशी शेजारणीचा हात सोडते, रक्तात शिरते, फुप्फुसात घर करते. पण त्याच माणसाच्या. दुसऱ्याला लागत नाही."

"म्हंजे सारा खेळ धरून ठेवण्याचा!"

* * *

काही वर्षांनी महादेवचीच काचपट्टी आमच्या खोलीत आली. लिव्हरची. मॅडम बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "हात सोडलेत यांनी."

त्या दिवशी कप विसळायची पाळी माझी होती. महादेवचा कप मी खिडकीत ठेवला. मला कोणी सांगितलं नव्हतं. कोणी परत टेबलावर आणलाही नाही. दुसऱ्या दिवशी महादेव आला, खिडकीतला कप घेतला, चहा प्याला, तिथेच ठेवला.

* * *

शेवटचा किस्सा मी घरी सांगत नाही.

महादेव रजेवर होता. एकदा भेटायला आला. डोळे पिवळे, पोट फुगलेलं. चहा आला. मी घाईने टेबलावरचा माझा कप भरून त्याच्यापुढे केला.

"राहू दे गा," तो म्हणाला. पिशवीतून रुमालात गुंडाळलेला कप काढला. "घरून आणला. तुले उगीच खिडकीपर्यंत जा लागते."