कौसाबाईंची टॉवेल-टोपी

लग्नाला येताना कौसाबाईंच्या पिशवीत नवी टॉवेल-टोपी असायचीच, पण ती सोयऱ्यांना देण्यासाठी नसे. पाटोद्याजवळच्या आमच्या गावात वरातीत झिंगलेलं एखादं पोरगं मोटारसायकल काढताना दिसलं, की बाई त्याला काही बोलत नसत. त्या थेट माईक घेऊन त्याच्या बापाला पुकारत.

"दगडूतात्या, पुढं या. तुमचा सत्कार हाय. पोरगं पिलंय, अन् चावी तुमी दिलीय."

सगळ्या मांडवासमोर बापाच्या डोक्यावर टोपी, खांद्यावर टॉवेल. कुणी म्हणालं, पोराला बोला की, तर बाई म्हणायच्या, "त्याला का म्हून बोलू? चावी कुणाची हाय?" असा सत्कार झालेला बाप पुन्हा पोराच्या हाती गाडी देत नसे. लग्नाच्या दिवशी गावातले बाप चाव्या स्वतःच्या खिशात ठेवू लागले.

गावातली निम्मी पोरं बाईंच्या अंगणवाडीत खिचडी खाऊन वाढलेली. मीही. त्यांचा मुलगा सुनील माझ्याच वर्गात होता. दहावीच्या सुट्टीत तो रस्त्याच्या कडेनं घरी येत होता, तेव्हा बबनरावांच्या प्रशांतनं दारू पिऊन त्याच्या अंगावर गाडी घातली. सुनील जागच्या जागी गेला. प्रशांत सोळा वर्षांचा, त्याच अंगणवाडीतला. बबनराव म्हणजे गावातलं बडं प्रस्थ. गाडी दुसराच कुणी चालवत होता, असं सांगणारे उभे राहिले आणि पोरगं सुटलं. आजही आठवलं की माझं डोकं फिरतं. समजूत घालायला आलेल्यांना बाईंनी चहा पाजला आणि सांगितलं, "म्या न्हाई इसरणार. बबनरावालाबी इसरू देणार न्हाई." त्यानंतरच बाईंच्या पिशवीत टॉवेल-टोपी आली.

पुढे प्रशांतचं लग्न ठरलं. बाईंना पत्रिका नव्हती. तरी त्या गेल्या. बबनरावांची माणसं अडवायला धावली, पण माईकवालाही अंगणवाडीतलाच. त्यानं मुकाट्यानं माईक बाईंच्या हाती दिला.

"बबनराव, तुमचा सत्कार लई दिवस ऱ्हायलाय. सोळा वर्षाच्या पोराला तुमी चावी दिली. माझा सुनील गेला."

नवरीकडची माणसं एकमेकांकडे बघायला लागली. बबनराव मान खाली घालून पुढे आले. बाईंनी टोपी ठेवली, टॉवेल टाकला. ते रडत पाया पडायला वाकले. आता बाई विरघळणार, असं मला वाटलं.

"वाकू नका," बाई म्हणाल्या. "टोपी पडंल."

गेल्या उन्हाळ्यात बाई गेल्या. तिरडीला खांदा द्यायला बबनराव पुढे आले. मी त्यांना हात लावू दिला नाही.