सुई टोचली तर काय करायचं

सोजरबाई वाघोलीकडच्या एका सरकारी दवाखान्यात एकोणीस वर्षं कंत्राटावर झाडलोट करते. भुताखेताला न भिणारी बाई, पण तपासणी म्हटल्यावर तीही धास्तावली. दवाखान्याला गुणवत्तेचं प्रमाणपत्र हवं होतं. त्यासाठी बाहेरच्या मॅडम येणार आणि झाडूवालीलासुद्धा प्रश्न विचारणार! पंधरा दिवसांत भिंती रंगल्या, वर्षभर कोऱ्या पडलेल्या वह्या भरल्या. दीपाली सिस्टरनं सोजरबाईकडून उत्तरं घोकून घेतली. कुठला कचरा कुठल्या डब्यात, हे तिनं झोपेतही सांगितलं असतं. घोडं अडलं ते पुढच्या प्रश्नावर.

वापरलेली सुई टोचली तर काय करायचं? साबणानं धुवायचं, दाबायचं नाही, लगेच सांगायचं. तीन दिवसांच्या आत औषध, नाहीतर एड्सची भीती, काविळीची भीती.

ऐकताऐकताच सोजरबाईनं मनात दिवस मोजले. तिला कचऱ्यातली सुई टोचून तीन महिने झाले होते. तेव्हा तिनं सिस्टरला सांगितलंही होतं. धुऊन टाका, काही होत नाही, उगाच वहीत नोंद कशाला, तपासणीत मार्क जातात, असं सिस्टर म्हणाली होती. आणि आता सिस्टरला ते आठवतही नव्हतं. धन्य ती बाई! उत्तर घोकलं त्या दिवसापासून सोजरबाईनं घरात आपलं ताट वेगळं केलं, नातवाला जवळ घेणं सोडलं. तोंड उघडावं तर नोकरी जाणार, गप्प बसावं तर जीव.

मॅडम आल्या आणि त्यांनी नेमकं तेच विचारलं. सोजरबाईनं सगळं धडाधड म्हणून दाखवलं. मॅडम खूश झाल्या. मग त्यांनी सुई टोचल्याच्या नोंदींची वही चाळली. पाच वर्षांत एकही नोंद नाही, कुणालाच टोचली नाही का, असं त्यांनी विचारलं. सिस्टरनं नाही म्हणून मान हलवली.

सोजरबाईनं आपलं बोट मॅडमपुढं धरलं. "बाई, तीन महिन्यांनी तपासून काही उपयोग हाय का?"

आहे, आत्ताच करू, मॅडम म्हणाल्या. रक्त सिस्टरनंच काढलं. त्या वीस मिनिटांत सोजरबाईनं एकही देव सोडला नाही. शेवटी कागद आला. काही निघालं नव्हतं. सोजरबाईला रडू फुटलं, आणि रडण्यामागून राग.

"सिस्टर, तुमच्या बोटाला टोचली असती, तर धुऊन टाका म्हणाला असता?"

 दीपाली कापसाचा बोळा हातात धरून उभी राहिली.