एक कडी जास्त

माझे सासरे मोजल्याशिवाय चहात साखरही घालत नाहीत. तेव्हा चेन्नईच्या पेरुंगुडीतल्या आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडीला ट्रेलर जोडायला त्यांना तीन रविवार लागले, याचं नवल नको.

ट्रेलर म्हणजे चाकांवरची खोलीच, आत पलंग. घेतला होता सासूबाईंसाठी. मणक्याच्या दुखण्यामुळे त्यांना तासाभराहून जास्त बसवत नाही आणि तंजावरला त्यांची अक्का अंथरुणाला खिळलेली. तिला एकदा डोळ्यांनी बघायचं, एवढंच त्यांचं मागणं. वाटेत थांबत थांबत, ट्रेलरमध्ये आडवं होत जायचं, असा बेत होता. नवरा परदेशी, म्हणून गाडी मी चालवणार होते.

पण ट्रेलरचं नाक गाडीवर टेकलं की गाडीची मागची बाजू खाली बसे आणि पुढची चाकं हलकी होत. त्यावर उपाय दोन पोलादी दांड्यांचा. ते साखळीने ताणले की मागचं थोडं ओझं पुढच्या चाकांवर जातं. किती ताणायचं ते साखळीच्या कड्या मोजून ठरतं. सासरे शिंप्याची टेप घेऊन पुढच्या मडगार्डची जमिनीपासूनची उंची ट्रेलर जोडण्याआधीइतकी आली का ते बघत. माप भरल्या गाडीचं हवं, म्हणून पुढच्या सीटांवर आमच्या दोघांऐवजी तांदळाची पोती ठेवलेली. सासूबाईंच्या जागी पोतं ठेवायला मात्र ते तयार नव्हते. त्यामुळे दर रविवारी त्या ठेवणीतली साडी नेसून मागच्या सीटवर बसत.

तिसऱ्या रविवारी सासूबाईंनी खिडकीतून विचारलं, "अस्कि झालं ना? अत्तां निघूंया का?"

"अप्पुरम," सासरे टेपवरची नजर न काढता म्हणाले.

सासरची माणसं तंजावरी, त्यांच्या मराठीत तमिळ मिसळलेली. मी साताऱ्याची. चेन्नईत आठ वर्षं काढली तरी घाईत माझे कान मराठीच. 'अस्कि' म्हणजे सगळं, 'अप्पुरम' म्हणजे नंतर. मी ऐकलं 'अपुरं'. लगेच जॅक चढवला आणि दोन्ही साखळ्या एकेक कडी आणखी ओढल्या. गाडीचं तोंड पार खाली गेलं.

"कोणी सांगितलं मा हे?" सासरे ओरडले.

"तुम्हीच! अपुरं म्हणालात!" मीही काही कमी तिखट नाही.

आत सासूबाईंना हसू आवरेना. मग डोळे पुसत म्हणाल्या, "तिचं काय चुकलं? तुमचं अस्कि अप्पुरमच. डॉक्टर जा म्हणाले, तरी अप्पुरम. अक्का थांबेल का तोवर?"

सासऱ्यांनी कड्या सैल केल्या, पुन्हा टेप लावली. मी वाकून पाहिलं. मागच्या रविवारचंच माप होतं, आणि तेव्हाही ते बरोबरच होतं.

"वाटेत हिला काही झालं तर?" टेप गुंडाळत ते हळूच मला म्हणाले. "मी काय करूं, सांग."

माझा राग कुठल्या कुठे गेला. इतका जीव लावणाऱ्या माणसावर मी आवाज चढवला, याची लाज वाटली. "मामंजी, मी आहे ना," एवढंच म्हणता आलं.

त्यांनी दार उघडून बायकोपुढे हात केला. "उतर आता. ऊन झालं."

सासूबाईंनी हात धरला, पण जागच्या हलल्या नाहीत. "मी उतरले तर तुमचं माप बिघडेल," त्या म्हणाल्या. "माझ्या औषधांची पिशवी आणा वरून. अत्तां."

सासऱ्यांनी टेप माझ्या हातात दिली. मग ते लिफ्टची वाट न पाहता जिन्यानेच वर गेले.