हवालदारांच्या खालच्या दोन खुंट्या

हवालदार कुणाच्याही घरी गेले की आत पाऊल टाकायच्या आधी दाराची चौकट बोटाच्या पेरानं टकटक वाजवून बघायचे. घरचे 'या, बसा' म्हणत उभे, आणि हे कान लावून चौकटीपाशी. मग नुसतंच 'हं' करायचे किंवा म्हणायचे, "चांगलं लाकूड हाय. रंग कशापायी फासलाय?" आमच्या शिरूरच्या एस.टी. कॅन्टीनचं बाकडं त्यांनी असंच एकदा वाजवलं आणि सांगितलं, "ह्यात कीड हाय. बसू नगा." कोण ऐकतंय! दोन महिन्यांनी ते बाकडं आमच्या कंट्रोलरसाहेबांना चहाच्या कपासकट घेऊन खाली बसलं. तेव्हापासून डेपोतली माणसं हवालदार आले की उठून उभी राहायची; मान म्हणून की बाकड्याच्या भीतीनं, देव जाणे.

मी तेव्हा डेपोत क्लार्क होतो. हवालदार राहायला दौंडला, रेल्वेच्या डब्यांच्या दुरुस्तीत सुतार. पण त्याआधी फौजेत होते, आणि मोठी लढाई संपल्यावर पलटणीबरोबर वर्षभर जपानात राहून आले होते. तिथं एका म्हाताऱ्या सुतारानं त्यांना लाकडाची तलवार करायला आणि चालवायला शिकवलं. "तुम्हाला त्याची भाषा यायची?" असं मी विचारलं तर म्हणाले, "रंधा चालत असला की बोलायचं काय काम?" येताना म्हाताऱ्यानं स्वतःची तलवार त्यांना दिली. ओकच्या लाकडाची, किंचित बाक असलेली, हातानं वापरून वापरून काळसर झालेली. दौंडात लोक त्यांना मागं 'लाकडी हवालदार' म्हणायचे. त्यांना ते ठाऊक होतं. "लोखंडी पुष्कळ झाले की," म्हणायचे.

दर रविवारी सकाळच्या गाडीनं ते शिरूरला यायचे आणि शाळेच्या मैदानावर आम्हा आठ-दहा जणांना शिकवायचे. मी गेलो तो खिडकीपाशी बसून बसून पाठ धरली होती म्हणून. शूरपणा वगैरे काही नाही. डेपोचा एक मेकॅनिक, एक मास्तर, मार्केट यार्डातले दोन हमाल असे आम्ही सगळे आठवडाभर दमलेले, आणि हवालदार आमच्याहून जास्त दमलेले. दोन तास एकच वार वरून खाली, वरून खाली. कुणी 'आता पुढचं शिकवा' म्हटलं की विचारायचे, "ह्यो आला का?" त्याचं उत्तर तीन वर्षांत कुणालाच देता आलं नाही.

तलवारीसाठी लाकूड निवडायला ते आम्हाला वखारीत न्यायचे. तिथं त्यांचं पोट भरायचंच नाही. फळी उचलायची, एक डोळा मिटून तिची धार बघायची, रेषा या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ गेली आहे का बघायचं, गाठ दिसली की बाजूला. मग टकटक. खणखणीत वाजली तर ठीक, बदबद वाजली तर ओली. सागाला ते हात लावायचे नाहीत. "साग दिसाया राजबिंडा, पर मार खायाचं त्येच्या नशिबात न्हाई." कुऱ्हाडीचा दांडा ज्याचा करतात तो तिवस त्यांच्या आवडीचा, नाहीतर जुनी बाभूळ. वखारवाला वैतागून म्हणायचा, "हवालदार, पोरगी बघायला आलाय का फळी?" ते शांतपणे म्हणायचे, "पोरगी बघाया इतका येळ कोन देतंय?"

शोभेची तलवार मात्र ते सागाची करून द्यायचे, छान पॉलिश करून. वर बजावायचे, "ही भिंतीवरची. हिला मैदान दावायचं न्हाई." यार्डातल्या एका आडतदारानं तशी एक हौसेनं करून घेतली आणि एका रविवारी तीच घेऊन मिरवत मैदानावर आला. हमालाच्या बाभळीशी तिसऱ्या वाराला तिचे दोन तुकडे, आणि आडतदार शेटजी अर्धी तलवार हातात धरून उभे. आम्ही पोट धरून हसलो. हवालदार हसले नाहीत. खाली वाकून त्यांनी तुटका तुकडा उचलला, धोतराच्या चिंधीत गुंडाळला आणि पिशवीत ठेवला.

त्यांच्या निगा राखण्याच्या रीतीही मला पाठ झाल्या होत्या. वापरून झाली की कोरड्या फडक्यानं पुसायची. फडक्याचा धागा कुठं अडकला तर तिथं कूस उठली, ती घासून काढायची. महिन्यातून एकदा जवसाचं तेल, चार थेंब, तळहातानं जिरवायचं. गोडं तेल चालणार नाही, "ते भज्याला." ठेवायची ती आडवी, दोन खुंट्यांवर. भिंतीला उभी टेकवली की वाकते. "मान्सासारखंच की," म्हणायचे, "लई उभं केलं की वाकतंय."

रिटायर झाले तेव्हा रेल्वेचं क्वार्टर सोडावं लागलं. दौंडातच दोन खोल्या घेतल्या, पण भिंती ओल्या होत्या. एका रविवारी त्यांनी जपानची ती तलवार सतरंजीत गुंडाळून माझ्याकडं आणली. "भिती वाळंपतुर महिनाभर तुझ्याकडं ठिव. पानी न्हाई, ऊन न्हाई, उभी न्हाई. तीनच गोष्टी." मग म्हणाले, "माझं काय, आज हाय उद्या न्हाई. पुढं हिला कुनीतरी बघाया पायजे. तुझा हात चांगलाय." त्यांना मूलबाळ नव्हतं; घरात ते आणि त्यांची बायको, आमच्या मावशी, दोघंच. त्या दिवशी मी हवेत होतो. खोटं कशाला सांगू?

आणि मग आली खंडेनवमी. आमचं घर शेतकऱ्याचं. त्या दिवशी घरातलं प्रत्येक हत्यार धुऊन पुसून पुजायचं. विळा, कोयता, कुऱ्हाड, पहार, सगळं मी नळाखाली घासलं आणि त्याच झपाट्यात तलवारही. डोक्यात एकच, हवालदारांची तलवार पहिल्यांदा आपल्या पूजेत बसणार! हळदीकुंकवाची बोटं ओढली, झेंडू वाहिला. डेपोत गाड्यांची पूजा होती, तिकडं पळायचं होतं; ओली तलवार पटकन वाळावी म्हणून घराच्या पत्र्यावर उन्हात ठेवली. पानी न्हाई, ऊन न्हाई. दोन्ही एकाच सकाळी केलं, आणि वर देवाचं नाव घेऊन केलं. संध्याकाळी चढून बघतो तर टोकापासून दोन विती चीर गेलेली आणि तेवढा भाग वेडावाकडा पिळलेला. मी पत्र्यावरच बसलो. आई खालून विचारत होती, "काय झालं रं?"

दुसऱ्या दिवशी दसऱ्याचं सोनं आणि ती तलवार घेऊन दौंडला गेलो. वाटलं, दोन मुस्काटात देतील तर बरं होईल. त्यांनी सतरंजी उलगडली. चिरेत कुंकू गेलेलं होतं. बराच वेळ ते त्यावरून अंगठा फिरवत राहिले.

"धुतलीस?"

"हो."

"आन् पुजली."

"हो."

"क्लार्क," ते म्हणाले, "आमी दीक्षा घिऊन पूजा सोडली तवा लोकं लई बोलली. पर मला येवढंच कळलं व्हतं. ज्याला रोज हात लावायचा, त्येला वर्सातनं एकदा हार घातला की मानूस मोकळा हुतो. मग वर्सभर बघत न्हाई."

आवाज चढला नव्हता. तो चढला असता तर मला सोसलं असतं. मग त्यांनी करवत घेतली. मी 'नको' म्हणत होतो तोवर चिरलेला भाग कापून काढला, टोक रंध्यानं गोल केलं, आणि हातभर लांबीची आखूड तलवार माझ्यापुढं धरली. "जपानात दोन वापरतात, लांब आन् आखूड. ही तुझी. तेल लाव, आन् महिन्यातनं एकदा हितं घिऊन ये. नीट मुरतंय का बघीन."

सलग तीन महिने नेली. मग एक रविवार ओव्हरटाइम, एक रविवार लग्न. त्यांचं शिरूरला येणंही गुडघ्यांनी थांबलं, मैदान मोडलं. खरं सांगू? मला लाज वाटायची, आणि दमायलाही व्हायचं. रविवारी झोप हवी असायची. तेल मात्र मी नेमानं लावत होतो आणि त्यावरच समाधान मानत होतो. असं वर्ष गेलं. दौंडच्या गाडीच्या कंडक्टरनं एका सकाळी खिडकीत वाकून सांगितलं, "तुमचे लाकडी हवालदार गेले. परवा."

मी आखूड तलवार घेऊन गेलो. खोलीच्या भिंतीवर खुंट्यांच्या दोन जोड्या होत्या. वरच्या जोडीवर त्यांनी स्वतः केलेली तिवसाची लांब तलवार. खालच्या दोन खुंट्या रिकाम्या, पण तेलानं चकचकीत.

"त्या तुझ्या आखूड तलवारीसाठी ठोकल्या व्हत्या," मावशी म्हणाल्या. "दर महिन्याला पुसायचे. म्हनायचे, ह्या रविवारी क्लार्क यील."

"मावशी, मी तेल लावत होतो हो. एकही महिना चुकवला नाही."

"लावलंच असशील बाबा," त्या म्हणाल्या. "पर ते काय तेल बघाया बोलवत व्हते व्हय?"

मी तिथं धाय मोकलून रडलो. मग आखूड तलवार त्या खालच्या खुंट्यांवर ठेवली आणि तशीच ठेवून परत आलो. त्यानंतर मावशी होत्या तोवर, म्हणजे अकरा वर्षं, दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी दौंडला जात होतो. दोन तलवारींना तेल लावायला पाव तास पुरायचा. बाकीची दुपार आम्ही दोघं बोलत बसायचो.