शरयूअक्काचा रविवारचा वर्ग

शरयूअक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात होते. तिच्या शेजारच्या बाई कन्नडमध्ये एवढंच म्हणाल्या, "होगबिट्रु..." गेल्या. सकाळी चहा करता करता हृदय बंद पडलं. मी हूटगळ्ळीला तिच्या घरी पोचले, तोवर कुणीतरी गॅस बंद करून पातेलंही घासून ठेवलं होतं. आता महिना उलटून गेलाय, म्हणून लिहायला बसले आहे.

अक्का माझी चुलत बहीण. म्हैसूरच्या एका कॉलेजात तिने जन्मभर मानसशास्त्र शिकवलं, तेही इंग्रजीतून. निवृत्तीनंतर तिच्या मनाने घेतलं, की आपल्या माणसांकडे मनाबद्दल बोलायला शब्दच नाहीत. आम्ही पिढ्यान् पिढ्या इथले, घरातलं मराठी अर्धं कन्नड झालेलं. मनाचं काही बिघडलं की आमच्यात एक तर 'डोकं फिरलं' म्हणतात, नाही तर 'नाटकं'. म्हणून विठ्ठल मंदिराच्या सभागृहात तिने दर रविवारी दुपारी वर्ग सुरू केला. येणारे बहुतेक शिवणकामवाले, त्यांच्या बायका, थोडे आमच्यासारखे नोकरदार. पहिल्याच दिवशी तिने सगळ्यांना डोळे मिटायला लावून हातात कापडाचा एकेक तुकडा दिला. पांडुरंगमामा टेलर ठामपणे म्हणाले, "रेशीम." डोळे उघडले तर पॉलिस्टर. अक्का म्हणाली, "हाताला गुळगुळीत लागलं, ते वेदन. ते बरोबर होतं. मनाने त्याचं रेशीम केलं, ते संवेदन. तिथे चुकलं." मामांनी विचारलं, "वेदन म्हणजे दुखणं, अल्वा? हो ना?" "नाही मामा, दुखणं ती वेदना. वेदन म्हणजे नुसतं जाणवणं." असंच सगळं चालायचं. कुत्रा अंगावर आला तर वाटते ती भीती, आणि कुत्रा नसलेल्या गल्लीतही पाऊल टाकवत नाही ती चिंता. मामांची बायको कावेरीबाई मागे भिंतीला टेकून बसायची. मामा तिला जवळजवळ ओढूनच आणत. ती कधीच काही बोलली नाही.

मग भावोजी, म्हणजे अक्काचे यजमान, गेले. भेटायला येणारा प्रत्येक जण म्हणत होता, तुम्ही तर मनाच्याच डॉक्टर, तुम्हाला काय सांगायचं. मी तिला रडू नको म्हटलं तर म्हणाली, "रडू दे गं. हे दुःख आहे, आजार नाही. माणूस गेल्यावर एवढं व्हायलाच हवं." ती रडायची, भावोजींच्या आठवणी सांगायची, मधेच हसायची. वर्गही तिने लवकरच पुन्हा सुरू केला. आम्हाला वाटलं, सावरली.

काही महिन्यांनी मात्र वर्ग बंद पडला. मी गेले तर भर दुपारी अक्का अंथरुणात होती. केस विंचरलेले नव्हते, जेवणाचा डबा तसाच पडलेला. ती छताकडे बघत होती. तशीच म्हणाली, "आता मला रडू येत नाही. त्यांची आठवणही येत नाही. उठावंसं वाटत नाही, आणि सकाळी जाग आली की... कशाला आली, असं वाटतं. हे दुःख नाही. हे नैराश्य आहे. मला डॉक्टरकडे घेऊन चल."

"अक्का, पण तू तर हेच शिकवतेस..."

"दातांच्या डॉक्टरचे दात दुखत नाहीत का? चल."

रिक्षात तिने माझा हात घट्ट धरून ठेवला होता. मानसोपचारतज्ज्ञांनी गोळ्या दिल्या, दर आठवड्याला बोलायला बोलावलं. लगेच काही फरक पडला नाही. पहिल्या गोळ्या तिला सोसल्या नाहीत, त्या बदलाव्या लागल्या. पुढे एके दिवशी सांबारात मीठ कमी आहे म्हणून ती माझ्यावर चिडली, तेव्हा मला हायसं वाटलं.

वर्ग पुन्हा सुरू झाला तेव्हा तिने सगळ्यांसमोर सरळ सांगितलं, मला नैराश्य आलं होतं, अजून गोळ्या चालू आहेत. सभागृहात कुजबुज झाली. दोन-तीन बायका पुढच्या रविवारपासून यायच्या बंद झाल्या. पण त्या दिवशी सगळे उठल्यावर पांडुरंगमामा मागे थांबले. हळू आवाजात म्हणाले, "हिचं पण असंच आहे ओ, अक्का. थोरली मुलगी बाळंतपणात गेली तेव्हापासून. आम्ही आळस म्हणत होतो." अक्का स्वतः कावेरीबाईला घेऊन डॉक्टरकडे गेली. पुढे किती तरी दिवस दोघी बरोबरच जात होत्या, एकीचं झालं की दुसरी आत.

अक्काचे दिवस झाल्यानंतरच्या रविवारी शिकवणारं कुणी नव्हतं, तरी लोक सवयीने सभागृहात आले. मग मागून कावेरीबाई उठली, पुढे आली, पदर सारखा केला.

"मला शिकवायला येत नाही," ती म्हणाली. "मला काय होत होतं, ते सांगते."

एवढं बोलून ती थांबली. कुणी मधे बोललं नाही. अक्काही अशीच वाट बघायची, समोरच्याला पुढचं वाक्य सापडेपर्यंत. कावेरीबाईला ते सापडायला वेळ लागला. आम्ही बसून राहिलो.